सातव्या गावाची फाइल

केशवने ब्लेडने वायरीचं काळं आवरण सोललं, आतल्या अकरा रंगीत तारा वर्तमानपत्रावर मोकळ्या केल्या आणि कालची चूक एकेक करून उलगडायला घेतली. सोल्डरिंग आयर्न तापलं होतं. राळेचा वास खोलीभर झाला, तशी पद्मजाने खिडकी उघडली. बाहेर सिडकोतली जानेवारीची सकाळ होती, चांगली गार, आणि आज घरातल्या सगळ्यांना तो गारवा हवाच होता.

"काल झाली होती ना रे वायर?" कॉटवर बसलेल्या अनंतरावांनी विचारलं.

"झाली होती अण्णा, पण चालली नाही. मी सरळ जोडली. दोनला दोन, तीनला तीन. कंपनीत रोज पॅनेल जोडतो ना, हात तसाच गेला." केशव मान वर न करता बोलत होता. "अशानं दोन्ही कॉम्प्युटर एकाच तारेवर बोलतात आणि ऐकायला कुणीच राहत नाही. आता ह्याचं तोंड त्याच्या कानाला जोडतोय. दोनची तार पंधराला, तीनची तेराला."

अनंतरावांनी मान हलवली. एकोणतीस वर्षं तलाठ्याची नोकरी केलेल्या माणसाला, सगळे बोलताहेत आणि ऐकायला कुणी नाही, ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही.

टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी होते. जुना पद्मजाचा. चार वर्षांपूर्वी तिने तो घेतला तेव्हा गल्लीत सगळ्यांनी तोंडात बोटं घातली होती; सुनेने घरात बसून करायचं ते काय, असंही दोघीतिघी बोलल्या होत्या. पण मराठी टायपिंगची कामं करून करून पद्मजाने विद्यापीठातले निम्मे विभाग ओळखीचे करून घेतले, आणि मग बोलणाऱ्यांनीच आपल्या मुलांचे अर्ज तिच्याकडे आणले. आता मात्र तो कॉम्प्युटर थकला होता. त्याची फ्लॉपी दिवाळीपासून बंद होती. आतली डिस्क सकाळी थंड असताना वीस-पंचवीस मिनिटं चालायची, मग तापायची, खरखर करायची आणि सगळं जागच्या जागी थिजायचं. नव्यात ती डिस्क बसत नव्हती. साधी बारीक वायर केशवकडे होती, पण तिच्यातून मजकूर इतका सावकाश जायचा की पूर्ण व्हायला दोन तास लागले असते. म्हणून ही जाड वायर, एकाच्या प्रिंटरच्या तोंडातून दुसऱ्याच्या प्रिंटरच्या तोंडात, एकदम चार-चार तारांवरून मजकूर नेणारी. वीस मिनिटांत जे काय जाईल ते जाईल.

केशवची दुसरी पाळी होती. दोनला वाळूजची बस कोपऱ्यावर यायची. त्याआधी हे व्हायला हवं होतं.

दाराजवळच्या खुर्चीवर कडुबा साळवे बसले होते. समोरचा चहा निवून गेला होता. साळवे सर पैठणच्या कॉलेजात शिकवायचे. पहाटेच्या एसटीनं आले होते आणि आल्यापासून जेमतेम चार वाक्यं बोलले होते. त्या जुन्या डिस्कमध्ये त्यांचा प्रबंध होता. बारा वर्षांचं काम. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या कितीतरी दलित वस्त्यांवर जे गुदरलं, ते त्यांनी अकरा गावांत पायी हिंडून लोकांच्या तोंडून लिहून घेतलं होतं. गावांना नावं नव्हती, नुसते आकडे होते. माणसांनाही नव्हती. नाव छापलं की उद्या त्यांनाच भोगावं लागेल, म्हणून तसा नियमच त्यांनी घालून घेतला होता.

प्रबंध दीड वर्षापूर्वीच पुरा झाला होता. पण सरांनी तो दिला नाही.

"पहिल्या पानावर विद्यापीठाचं जुनं नाव टाकून ह्या लोकांचं म्हणणं मी आत पाठवू कसं?" एवढंच ते म्हणाले होते. मार्गदर्शक चिडले, कॉलेजात मागून आलेले पुढे गेले. सरांनी पहिलं पान कोरंच ठेवलं. ह्याला कुणी हट्ट म्हणो, मला त्यात एका माणसाची लाज राखलेली दिसते. आणि लाज राखणं फार महाग पडतं, हे त्यांच्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं तरी कळत होतं.

तीन दिवसांपूर्वी, ऐन संक्रांतीला, विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं. शहरात चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या होत्या. काही गल्ल्यांत निळा गुलाल होता आणि काही गल्ल्यांत दुकानांची शटरं ओढलेली होती. दुसऱ्या दिवशी साळवे सर तिळगुळाचा पुडा घेऊन दारात उभे राहिले.

"वहिनी, पहिलं पान टाका," ते म्हणाले.

पद्मजाने कॉम्प्युटर लावला आणि तो थिजला. नोंदणीची दोनदा वाढवून घेतलेली मुदत ह्याच महिन्याअखेर संपत होती.

"बाकीच्या गावांची हस्तलिखितं माझ्याकडं हायेत," सर आत्ता म्हणाले. बोलताना ते कपाकडे बघत होते. "दिवसरात्र बसून पुन्हा करता येईल कसंतरी. सातव्याचंच तेवढं..."

पद्मजाचा चेहरा उतरला.

सातव्या गावाचे सरांच्या हातचे कागद ह्याच घरातून हरवले होते, दीड वर्षापूर्वीच्या गणपतीत. टायपिंग झालं, तपासणी झाली आणि परत देताना फाइलीत ते अकरा कागद नव्हते. पद्मजाने माळा उपसला, गाद्या उलट्या केल्या, रद्दीवाल्याच्या घरी जाऊन पोती पालथी घातली. सर एका शब्दाने बोलले नाहीत. मशीनमध्ये आहे ना, मग झालं, असं म्हणून त्यांनी तिचीच समजूत काढली. त्या गावात बोलायला तयार झालेली एकच बाई होती, मनकर्णाबाई. ती मागच्या साली वारली. आता सातवं गाव होतं ते फक्त त्या थकलेल्या डिस्कमध्ये.

निदान पद्मजाला तसं वाटत होतं. ते अकरा कागद अनंतरावांच्या ट्रंकेत होते.

टाइप केलेला मजकूर तपासून द्यायचं काम अनंतराव करत. निवृत्तीनंतर तोच त्यांचा विरंगुळा होता. लाल रिफिलीचं पेन घेऊन ते दुपारभर बसत आणि एकही चूक सुटू देत नसत. सहा गावं त्यांनी तशीच तपासली. वाचताना मधूनच चष्मा काढून ठेवत, एवढंच. सातव्याच्या दुसऱ्या पानावर त्यांना लिंबाचं झाड भेटलं. मग पाटलाचा वाडा, मग नदीकडे उतरणारी वाट. आकडा घातला म्हणून गाव लपत नाही, निदान ज्याने त्या गावचा सात-बारा सहा वर्षं लिहिला त्याच्यापासून तरी. पुढे मनकर्णाबाईचं म्हणणं होतं, तिच्याच बोलीत:

"तिसऱ्या दिशी तलाठी आला. लिंबाखाली खुर्ची टाकून बसला. त्यानं समदं इच्यारलं, आमी समदं सांगितलं. कोन आलं, राकेलचे डबे कुनाच्या हातात व्हते. त्यानं लिवून घेतलं, माझा आंगठा घेतला. मला वाटलं, लिवलं म्हंजी झालं. सा म्हयन्यानं कचेरीत गेले तं म्हणत्यात, तुमच्याच चुलीतली ठिणगी उडाली अन् नऊ घरं जळाली. भर सरावनात? छपरं गळत व्हती आमची. मी म्हणलं, साहेब, मंग माझा आंगठा कुटं गेला? कुनी सांगना. आजून बी कुनी सांगितलं नाय."

अनंतरावांनी त्या पानावरच्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि पान उलटलं. संध्याकाळी पद्मजा गणपतीच्या आरतीला शेजारी गेली, तेव्हा फाइलीतले हाताने लिहिलेले अकरा कागद त्यांनी काढून घेतले. का, ते त्यांना स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. जाळावेत असं मात्र एकदाही मनात आलं नाही. खोटा कागद त्यांनी आयुष्यात एकदा लिहिला होता, पण कागद नाहीसा कधीच केला नव्हता. तेवढी एक गोष्ट त्यांच्या हाताला येत नव्हती.

"झालं," केशव म्हणाला. त्याने आयर्न बाजूला ठेवलं, सांध्यांवर फुंकर मारली आणि वायरीचं एक टोक नव्या कॉम्प्युटरला लावून स्क्रू आवळले. दुसरं टोक जुन्याच्या मागे लावलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. इतकी वर्षं प्रिंटरची वायर ओढून ओढून जुन्याचं ते तोंडच खिळखिळं झालं होतं. स्क्रूचे आटे गेले होते. प्लग खालून वर दाबून धरला तरच टेकायचा.

"रबर लाव," अनंतराव म्हणाले.

"लावून पाहिलं. सरकतं. टेबल पुढं ओढून चालणार नाही, धक्का बसला तर डिस्क जागेवरच बसेल. कुणीतरी धरून बसायला पाहिजे."

"मी धरतो ना," म्हणत साळवे सर उठले. पण टेबल आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा होती आणि सरांचा दंड शेतात राबलेल्या माणसाचा होता. कोपराशीच अडकला. केशवला जुन्याच्या कळा दाबायच्या होत्या. पद्मजा नव्यावर बसणार होती.

"अण्णा, तुमचाच हात जाईल," पद्मजा म्हणाली.

मग अनंतराव कॉटवरून उठले, स्टुलावर टेकले आणि त्यांनी आपला वाळका उजवा हात फटीत घातला. केशवने त्यांची बोटं प्लगभोवती नीट बसवली.

"अंगठा खालून. हां, असा. वर दाबून धरा आणि अजिबात हलवू नका. मधे सुटलं तर चालू असलेली फाइल गेली समजा. ह्या डिस्कवर दुसऱ्यांदा वाचायची काही खात्री नाही."

"बरं," अनंतराव म्हणाले.

केशवने जुना कॉम्प्युटर लावला. डिस्क गुरगुरली आणि मग तिचा बारीक एकसुरी आवाज येऊ लागला. सगळे त्या आवाजाकडे कान देऊन होते. साळवे सर टेबलफॅन हातात उचलून डिस्कवर वारा घालत उभे राहिले. पडद्यावर दोन रकाने उमटले, एकीकडे जुना, दुसरीकडे नवा.

"दिसला!" पद्मजा जवळजवळ ओरडलीच. "ह्याला तो दिसला, अहो!"

"सोडतोय," केशव म्हणाला. "गाव एक."

आकडे भराभर वाढले. मिनिटभरात पहिलं गाव पलीकडे गेलं. पद्मजाने वहीत टिंब केलं. दुसरं गेलं. तिसऱ्यापाशी डिस्क अडली, दोनदा खरखरली, केशवने पुन्हा वाचायची कळ दाबली आणि ते निघालं. चौथं, पाचवं. प्रत्येक वेळी केशव नुसतं "गेलं" म्हणे आणि पद्मजा टिंब करी. साळवे सरांच्या कपाळावर एवढ्या गारठ्यातही घाम होता. अनंतरावांना पडदा तिरका दिसत होता, पण दिसत होता. सहावं गाव जायला फार वेळ लागला. घड्याळात तेरा मिनिटं झाली होती.

"गाव सात," केशव म्हणाला.

अनंतरावांचा अंगठा बधिरला होता. आता तो सैल सोडायला काहीच करावं लागणार नव्हतं. उलट धरून ठेवण्यासाठीच जोर लावावा लागत होता. सत्तरीचा माणूस, फटीत घातलेला हात. सुटला असता तर कुणी एक शब्द बोललं नसतं. पद्मजाने आधी त्यांच्याच हाताला तेल चोळलं असतं. साळवे सर असू द्या काका म्हणाले असते, नक्की म्हणाले असते. आणि सातवं गाव कुठेच उरलं नसतं. ट्रंकेच्या तळाशी काय आहे हे ठाऊक असलेला एकच माणूस त्या खोलीत होता.

वीस टक्के. डिस्क अडली.

"च्यायला," केशव पुटपुटला आणि त्याने कळ दाबली. "अण्णा, हलवू नका हं."

अनंतरावांना तो दिवस आठवावा लागत नव्हता, तो कधी गेलाच नव्हता. पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि जळक्या कुडांतून वाफ येत होती. लोक बोलत होते आणि ते लिहीत होते. जे सांगितलं ते सगळं लिहिलं, नावांसकट लिहिलं. मग ती बाई पुढे आली. तिच्या हातावर भाजल्याचे फोड होते, तेवढा डावा अंगठा धड होता. तिला शाई कशी लावायची ते कळेना, म्हणून त्यांनीच तिचा अंगठा धरला, शाईच्या डबीवर टेकवला आणि कागदावर दाबला. तिने वाकून बघितलं.

"बरूबर उठला का, साहेब?" तिने विचारलं होतं.

"उठला, बाई."

त्या रात्री त्यांना वाड्यावर जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून साहेबांचा निरोप आला, की असा कागद वर पाठवण्याजोगा नाही, नीट लिहून आणा. केशव तेव्हा सातवीत होता. त्याच्या शाळेसाठी शहरात बदली मिळावी म्हणून अनंतरावांनी तीन अर्ज केले होते. त्यांनी नीट लिहून दिलं. चुलीतली ठिणगी, वारा, नऊ घरं. पंच वाड्यातलेच होते. दोन महिन्यांनी बदलीचा हुकूम आला. केशव शिकला, वाळूजला लागला, हे घर झालं, हा कॉम्प्युटर आला. कोणत्याही गोष्टीला हात लावला तरी ती मागे त्या कागदाशी जाऊन पोचते, हे ते सोळा वर्षं रोज बघत आले होते आणि त्याबद्दल त्यांना लाज वाटत होती. नुसती लाज, जिचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

चाळीस टक्के. बासष्ट. पुन्हा खरखर.

त्यांनी डावा हातही फटीत सारला, उजव्याखाली घातला आणि प्लग वर दाबून धरला. कपाटाच्या कडेला मनगट सोललं गेलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"गेलं," केशव म्हणाला.

पद्मजाने टिंब केलं नाही. ती तोंडावर हात ठेवून बसून राहिली, मग पदराने डोळे पुसले आणि दोनदा गिरवून टिंब केलं. पुढची चार गावं कशी गेली ते कुणाच्या फारसं ध्यानात राहिलं नाही. शेवटचा निष्कर्षही गेला. चोविसाव्या मिनिटाला संदर्भग्रंथांची यादी अर्ध्यावर असताना डिस्क मोठ्याने खरखरली आणि पडदा थिजला.

"ती यादी डायरीत हाय माझ्या," साळवे सर म्हणाले. त्यांनी फॅन खाली ठेवला. "केशवराव, तुमचे उपकार..."

"कसले उपकार सर, अण्णांनी धरलं म्हणून. सोडा आता अण्णा. अण्णा, सोडा म्हटलं!"

अनंतरावांनी हात बाहेर काढले. उजव्या हाताची बोटं सरळ होत नव्हती. केशव त्यांच्याकडे बघून हसला आणि आंघोळीला गेला.

पद्मजाने नव्या कॉम्प्युटरवर सातवं गाव उघडून शेवटपर्यंत पाहिलं. सगळं होतं. मग तिने पहिलं पान उघडलं, ते कोरं.

"सांगा सर."

साळवे सर उभे राहिले. त्यांनी विद्यापीठाचं नवं नाव सावकाश सांगितलं, एकेक शब्द, आणि पद्मजाने ते टाइप केलं. सर पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

आतल्या खोलीत ट्रंकेची कडी वाजली. अनंतराव एक तांबडं फडकं घेऊन बाहेर आले. एका हाताने त्यांना गाठ सोडवेना. पद्मजा पुढे झाली आणि तिने गाठ सोडली. वर सरांच्या अक्षरातले अकरा कागद होते.

तिने ते ओळखले. सासऱ्यांकडे पाहिलं. गादी उलटी करून शोधताना ह्याच माणसाने दुसरी बाजू धरली होती, हे तिला त्या क्षणी आठवलं असावं, कारण ती एक पाऊल मागे सरली.

"मीच काढले होते," अनंतराव म्हणाले. "सर, हे तुमचे. आणि हा... हा पण ठेवा."

अकरा कागदांखाली आणखी एक होता, पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला. कच्चा पंचनामा. साळवे सरांनी तो दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरला. केशव टॉवेलने डोकं पुसत आला आणि दारातच थांबला.

"काय झालं? अण्णा, काय आहे ते?"

"माझ्या हातचा कागद आहे," अनंतराव म्हणाले. "खरा. ह्याच्यानंतर दुसरा लिहिला. तू सातवीत होतास."

केशवचा टॉवेल तसाच हातात राहिला.

सर कागदाच्या तळाशी पोचले होते. तिथे जांभळट शाईत एक अंगठा उठला होता, स्वच्छ, एकेक रेघ मोजता यावी असा. सरांनी आपलं बोट त्याच्याजवळ नेलं आणि टेकवलं नाही.

"ती मरेपर्यंत विचारत व्हती, काका," ते म्हणाले. "मी गेलो की दर वेळी. मला वाटायचं, म्हातारं माणूस हाय, तेच तेच बोलतंय."

अनंतरावांनी मान खाली घातली. माफी मागावी असं त्यांच्या ओठांवर आलेलं दिसत होतं, पण मागायची ती मनकर्णाबाईची, आणि ती बाई आता नव्हती. साळवे सरांनीही त्यांना बसा म्हटलं नाही. मग सरांनी तो कागद पद्मजाच्या समोर, की-बोर्डच्या वरच्या बाजूला ठेवला.

"वहिनी, शेवटी एक परिशिष्ट वाढवा. हे जसंच्या तसं."

"खाली सही आहे," पद्मजा म्हणाली. "आपण नावं घालत नाही ना सर?"

"लोकांची घालत नाय." सरांनी मान वळवली. "ह्यांचं ह्यांना इचारा."

पद्मजाने विचारलं नाही. तिला ते जमलं नाही. पण अनंतरावांनीच सांगितलं, कचेरीत सांगतात तसं, पूर्ण आणि थांबत थांबत.

"अनंत गोविंद धारूरकर. तलाठी. तारीख आहे तीच घाल."

तिने बोटं कळांवर ठेवली.

"थांबा," साळवे सर म्हणाले. "कागदावर ती वर हाय. तिला आता कुणाचं भ्या नाय. आधी तिचं लिवा."

पद्मजाने चष्मा पुसून पुन्हा लावला, कागदावर वाकून पाहिलं आणि टाइप केलं: मनकर्णाबाई, निशाणी डावा अंगठा.